डबा फेकला त्या दिवशी

जुलैच्या पावसात मरोळच्या आमच्या चर्चच्या बालवर्गात गेटवरचा तपास घाईतच उरकतो. ओले रेनकोट, रिक्षांची रांग, मागून हॉर्न. कपाळासमोर थर्मामीटर, तळहातांवर एक नजर, की मूल आत. त्या दिवशी ज्युनियर केजीतला साडेतीन वर्षांचा मुलगा असाच आत आला. ताप नव्हता, तळहात साफ होते.

डब्याच्या वेळी त्याने डबा भिरकावला आणि शेजारच्या मुलीला ढकललं. तिचा ओठ टेबलाच्या कडेवर आपटला. टीचरनी शिस्तीच्या वहीत लिहिलं, ‘हट्ट’. आदल्या दिवशीही त्याच्या नावापुढे नोंद होतीच: ‘प्रार्थनेला तोंड उघडत नाही.’

ओठ फुटला की रक्त फार दिसतं, जखम त्या मानाने लहान असते. हातमोजे घालून स्वच्छ गॉजने दहा मिनिटं सलग दाबून धरायचं. थांबलं का, म्हणून मधेच उचलून पाहिलं की धरलेली गुठळी निघते आणि पुन्हा सुरुवात. दात हलतोय का, तेही बघायचं. दुधाचा दात पडलाच, तर तो परत बसवायला जायचं नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

मुलाला शांत कोपऱ्यात नेलं. तिथले नियम ठरलेले आहेत. मोठं माणूस सोबत बसणार, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला येणार आणि एकच वाक्य बोलणार, तेही काय करायचं ते सांगणारं: ‘हात आपल्यापाशी ठेव.’ जबरदस्तीचं ‘सॉरी’ नाही, खाऊ किंवा खेळ बंद करणं नाही. आणि ‘येशूला आवडत नाही’ हे तर मुळीच नाही. देवाला हवालदार केलं की प्रार्थनेच्या वेळी मुलं बावरतात, हे आमच्याकडच्या सगळ्यांनी पाहिलंय. न्यायला येणारे आजी-आजोबा कधीकधी बायबलमधल्या नीतिसूत्रांतली, मुलाला शिस्त लावणारी छडी काढतात. त्यांना मी बाल न्याय कायदा 2015 चं कलम 75 सांगते. ताब्यातल्या मुलाला मारहाण करणं हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षण हक्क कायद्याचं मारहाणीला मनाई करणारं कलम 17 सगळ्यांना पाठ असतं, पण तो कायदा 6 ते 14 वयाचा, आमची मुलं त्याहून लहान.

कोपऱ्यात बसल्यावर त्याची कॉलर ओली दिसली. लाळ. साडेतीन वर्षांचं मूल एकाएकी लाळ गाळू लागलं, तर ते गिळायचं टाळतंय. टॉर्च मारला तर टाळूवर मागच्या बाजूला लाल कडांचे फोड. बूट-मोजे काढले, तळपायांवर राखाडी, लांबट पुळ्या. डब्यात टोमॅटोची चटणी होती, ती झोंबणारच. आदल्या दिवशीचं मिटलेलं तोंडही मग उलगडलं.

निदान डॉक्टरांचं. आमचं काम हॅण्ड-फूट-माउथचा (हाता-पायांवर आणि तोंडात फोड आणणारा, विषाणूने पसरणारा आजार) संशय घेऊन मूल वेगळं बसवणं, पालकांना बोलावणं आणि बाकीच्यांना तपासणं. वर्गातल्या वीसही मुलांचे बूट उतरवले, तोंडं पाहिली, आणखी तीन सापडली. कांजिण्यांशी गल्लत होते, पण कांजिण्या बहुधा छाती-पोटावरून सुरू होतात, खाजतात आणि नव्या-जुन्या पुळ्या एकाच वेळी दिसतात. पालक येईपर्यंत थंड दूध, गार पाणी, घोटघोट. ताक-सरबत नको, झोंबतं. ॲस्पिरिन कुठल्याच लहान मुलाला नाही. पालकांना निक्षून सांगायचं: आठ तास लघवी झाली नाही, उलट्या थांबत नाहीत, झोपेत वारंवार दचकतं किंवा चालताना तोल जातो, तर थेट हॉस्पिटल.

हा विषाणू अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. त्यामुळे गेटवरची ती बाटली पालकांच्या समाधानापुरती. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट. खेळणी आधी साबणाने धुवायची, कारण लाळ-मळ राहिला तर क्लोरीन त्यातच खर्च होतं. मग 5 टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचे (क्लोरीनचं जंतुनाशक) 20 मिली घेऊन एकूण एक लिटर होईल इतकं साधं पाणी घालायचं, दहा मिनिटं ओलं ठेवायचं आणि धुऊन वाळवायचं. द्रावण रोज ताजं, गरम पाण्यात नाही. मावशींना एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगावी लागते: टॉयलेट धुवायचं ॲसिड यात कधीच मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. कापडी बाहुल्या मशीनमध्ये. माती-कणकेचे गोळे सरळ फेकून दिले.

खरी गळती मात्र वेगळीच होती. मुलं हात धुऊन यायची, गोल करून एकमेकांचे हात धरायची, जेवणाआधीची प्रार्थना म्हणायची आणि लगेच डबा उघडायची. म्हणजे धुतलेला हात शेजारच्याच्या लाळेच्या हातात जाऊन तोंडाकडे! क्रम उलटा केला. आधी प्रार्थना, तीही हात जोडून, मग नळ, मग डबा. फादरना विचारलं, ते म्हणाले, देवाला चालेल.

गेटवर आता तळपाय आणि तोंडही बघतो. शिस्तीची वही वेगळी ठेवत नाही. वर्तनाची नोंद आरोग्याच्याच वहीत होते, ‘हट्ट’ असा शेरा न मारता काय घडलं ते लिहून: डब्यात काय होतं, किती खाल्लं, झोप, लघवी. ढकललेल्या मुलीच्या आईला काय झालं ते सगळं सांगितलं, कोणी केलं ते नाही.

परत घेताना औषधाशिवाय चोवीस तास ताप नसावा, लाळ थांबलेली असावी, पुळ्या सुकलेल्या असाव्यात. विष्ठेतून विषाणू त्यानंतरही काही आठवडे जात राहतो, म्हणून शी धुतल्यावर मावशींनी स्वतःचे हात साबणाने धुवायचे, हातमोजे घातले असले तरी. काही मुलांची नखं महिन्या-दीड महिन्याने सुटतात. दुखत नाही, खालून नवं येतं. पालकांच्या पत्रात हे आधीच लिहून टाकलं, नाहीतर तेव्हा एकामागून एक फोन आले असते.