दुसऱ्या फेरीची गाणी

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत रात्रीच्या कार्यक्रमाला निघालेला माणूस सोबत बसायला बोरा, चादर आणि कानटोपी घेऊनच निघतो. दिवाळीनंतर धान घरात आलं की नाटकांचा सीझन लागतो. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात आणि रात्री उघडलेला पडदा पहाटेशिवाय पडत नाही. तिकीट काढलं म्हणजे रात्र वसूल व्हायलाच पाहिजे. अशा पब्लिकपुढे स्वतःच्या गाण्यांचा बँड आणायचं धाडस आमच्या गावच्याच एका पोराने केलं. तो पुण्याला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी बेस गिटार वाजवतो. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दुसऱ्या दिवशी नाटकाचा मंडप तसाच उभा होता, तोच मिळाला.

गर्दी मात्र संध्याकाळपासूनच जमली, कारण साउंडचेक. गिटारवाल्याच्या पायाशी रंगीत डब्यांची रांग होती. तो एक डबी दाबायचा आणि गिटारचा आवाज फाटायचा, दुसरी दाबली की तोच आवाज लांब कुठे विहिरीतून आल्यागत यायचा. पोरं त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती, सगळे डोळे पायाकडे. पण सगळ्या स्पीकरमधून एक जाड घूंऽऽ येत होती, ती काही केल्या जाईना. बँडवाल्यांनी सगळ्या वायरी बदलून पाहिल्या. शेवटी मंडपवाल्याचा वायरमन उठला, जनरेटरजवळ ठोकलेल्या अर्थिंगच्या सळीपाशी गेला आणि तिथे मीठ टाकून बादलीभर पाणी ओतलं. घूं गायब! त्या रात्रीची पहिली टाळी वायरमनला पडली.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मात्र लोक जरा बिचकलेच. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे ओळखीची गाणी. चिठ्ठीत दहाची नोट गुंडाळून पाठवायची आणि फर्माईश वाजवून घ्यायची. इथे चिठ्ठ्या गेल्या त्या परत आल्या, नोटांसकट. "आमी आमचेच गाणे म्हनतो जी," असं त्या पोराने माइकवर सांगितलं. सिनेमाच्या पाठबळाशिवाय आपली गाणी आपणच बांधायची आणि घेऊन फिरायचं, हे तसं जुनंच. दिल्लीचा इंडियन ओशन हा बँड १९९० पासून वाजवतोय. त्यांच्यातला राहुल राम तर नर्मदा आंदोलनात राहिलेला माणूस, तिथल्या खोऱ्यातलं गाणं त्याने मंचावर आणलं. आणि आमच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर जे केलं, त्याला तरी कोणती म्युझिक कंपनी लागली होती? पण हे मला घरी बसून सुचतं. मंडपात बसलेल्या माणसाला अनोळखी गाणं हे अनोळखी पाहुण्यासारखं असतं, आधी नीट बसवून घ्यावं लागतं.

दीड तासात त्यांची गाणी संपली. "थँक यू, गुड नाइट," झालं, दिवे लागले. कोणीच उठलं नाही. म्हाताऱ्यांनी चादरी आणखी घट्ट ओढल्या. समोरच्या एका आजीने विचारलं, "इंटरवल होये का जी?"

संपलं हे सांगायची कोणाची हिंमत होईना. रात्रीचे साडेदहा! एवढ्यात तर आमच्याकडच्या नाटकातली खलनायकाची एन्ट्रीही होत नाही. पोरांनी मंचावरच कुजबुज केली आणि गिटार पुन्हा गळ्यात अडकवल्या. गाणी तीच, पहिल्यापासून.

दुसऱ्या फेरीत सगळं बदललं. त्या पोराचं एक गाणं मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या बायांवर आहे. पहिल्या वेळी ड्रमच्या दणक्यात त्याचे शब्द कोणाला नीट लागले नव्हते. आता "हाताले तिखट माय, डोये चोयू नको" हे ध्रुपद आलं आणि बायांच्या बाजूने कोणीतरी ते मागे म्हटलं. मग चार-पाच जणी, मग ती अख्खी बाजू. पंधरा दिवसांनी त्यांच्यातल्या कित्येक जणी टेम्पोत बसणार होत्या. बायांची लय बँडपेक्षा संथ होती. ड्रमवाल्याने एकदा वर पाहिलं आणि मुकाट्याने हात सावकाश केला. शहरात लोक मोबाइलवर गाणं पाठ करूनच कॉन्सर्टला येतात, त्यामुळे तिथे पहिल्या ओळीलाच किंकाळ्या. आमच्याकडे पाठांतर आणि कॉन्सर्ट एकाच रात्री उरकलं. मला विचाराल तर प्रत्येक बँडने आपली गाणी अशी लागोपाठ दोनदा वाजवावीत, तिकीट तेवढंच ठेवून.

दोन फेऱ्या करूनही दीड वाजायच्या आत आटोपलं, याची कुरकुर झालीच. "गाणे मस्त हायेत, पन स्टोरी नाही ना बाप्पा," हा आमच्या काकांचा निकाल. चहाच्या टपरीवर ड्रमवाला बोटांना पट्टी बांधत बसला होता. एका नाटक कंपनीचा माणूस बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. शेवटी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसला आणि म्हणाला, "आमचा ऑक्टोपॅडवाला सोडून गेला. एका नाइटचे किती घेशीन? होळीपर्यंत बुकिंग हाये आपलं."