ॲपवर गाडी लावायची? आधी जुनी केस निस्तरा

लायसन, आरसी, परमिट, इन्शुरन्स सगळं तयार, आणि ॲप टॅक्सीचं अकाउंट अडलंय पोलीस व्हेरिफिकेशनवर, ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणीकडं नेहमी ऐकू येते. अडलेला माणूस गुन्हेगार असतोच असं नाही. कुठली तरी जुनी केस अर्धवट राहिलेली असते, नाहीतर कागदांवरची नावं एकमेकांशी जुळत नसतात. दोन्ही गोष्टी अर्ज करायच्या आधी निस्तरता येतात. अर्ज केल्यावर निस्तरायला गेलात तर दुप्पट हेलपाटे.

तपासण्या दोन असतात आणि लोक त्या एकच समजतात. पहिली ॲपवाले खासगी एजन्सीकडून करून घेतात. ती तुमचं नाव, वडिलांचं नाव आणि पत्ता कोर्टाच्या ऑनलाइन रेकॉर्डवर फिरवते. दुसरी पोलिसांची, तिचा अर्ज कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर करायचा. स्वतःला जमत नसेल तर शहरात कर्नाटक वन आणि गावात ग्राम वन केंद्र आहे. एजंटाला वेगळे पैसे द्यायची गरज नाही.

अर्जात पहिली चूक होते ती हद्दीची. बेळगाव शहराला पोलीस आयुक्तालय आहे, आणि येळ्ळूरसारखी शहराला लागून असलेली गावंही ग्रामीण ठाण्यामार्फत आयुक्तालयातच येतात. खानापूर, निपाणी, चिकोडी मात्र जिल्हा पोलीस अधीक्षकांकडं. गाव 'ग्रामीण' म्हणून अधीक्षकांचं ऑफिस निवडलं की अर्ज फिरत बसतो.

नावाचं तर विचारूच नका. 2014 च्या 1 नोव्हेंबरला बेळगावचं इंग्रजी स्पेलिंग बदललं, त्यामुळं जुन्या लायसनवर एक आणि आधारवर दुसरं. ते पोलीस समजून घेतात. माणसाच्या नावाचं तसं नाही. कन्नड वळणानं इंग्रजीत लिहिताना 'मारुती', 'सविता'मधल्या टीपुढं एच लागतो, आपण तो लावत नाही. मधलं नाव एका कागदावर वडिलांचं, दुसऱ्यावर नुसतं अक्षर. कोल्हापूरकडून लग्न होऊन इकडं आलेल्या बाईच्या लायसनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आधार आणि लायसन हे दोन कागद तरी अक्षरन् अक्षर सारखे करा, मगच अर्ज भरा.

सीमेवरच्या माणसाला आणखी एक अडचण आहे. ॲप टॅक्सीसाठी कर्नाटकाचे 2016 चे नियम आहेत. त्यात ड्रायव्हर राज्यात किमान दोन वर्षं राहिलेला असावा आणि त्याला कामापुरती कन्नड व आणखी एक भाषा यावी असं आहे. महाराष्ट्रातल्या चंदगडचा माणूस बेळगावच्या शहापुरात भाड्यानं राहत असेल, तर कालपरवा बदललेल्या आधारच्या पत्त्यावर दोन वर्षं सिद्ध होत नाहीत. जुना भाडेकरार, गॅसची पावती, पोरांच्या शाळेचे कागद जपून ठेवा. मधली वर्षं पुण्यात काढली असतील, तर तिथला दाखला महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून वेगळा काढावा लागतो. इथलं पोलीस स्टेशन तिथल्या रेकॉर्डची हमी घेत नाही.

आता केसचं. केंद्राच्या 2020 च्या सूचनांत कसोटी अशी होती: मागच्या 7 वर्षांत दारू पिऊन गाडी चालवणं, फसवणूक, चोरी, मारामारी, लैंगिक गुन्हा अशा दखलपात्र गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी. 2025 मध्ये नव्या सूचना आल्या, तरी पोलीस पडताळणी सुटलेली नाही. यात 'शिक्षा' म्हणजे काय, तिथं माणसं फसतात. "कोर्टात दंड भरून मोकळा झालो" असं आपण म्हणतो, पण गुन्हा कबूल करून भरलेला दंड हीच शिक्षा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली दारूची केस असो, नाहीतर जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 279 ची बेदरकार ड्रायव्हिंगची, दंड भरून घरी आलात तरी रेकॉर्डला दोषीच. तारखांचा कंटाळा म्हणून कबुली देण्याआधी वकिलाला हे विचारून घ्या.

आपल्याकडं आणखी काही ठरावीक केसेस निघतात. गोव्याची दारू आणताना अबकारीची, इस्पिट म्हणजे पत्त्यांचा जुगार खेळताना कर्नाटक पोलीस ॲक्ट कलम 87 ची, मटक्याची कलम 78 ची. आणि 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीतल्या जमावबंदीच्या. या शेवटच्या प्रकारात एक गैरसमज पक्का बसलाय: "सरकारनं केसेस मागं घेतल्या." मंत्रिमंडळानं ठरवलं तरी सरकारी वकिलानं कोर्टात अर्ज देऊन कोर्टाची संमती मिळेपर्यंत केस चालूच असते. पेपरातलं कात्रण दाखवून स्टेशन ऐकणार नाही, कोर्टाच्या आदेशाची नक्कल लागते.

तारखा चुकवून कामाला बाहेर गेलेल्यांनी तर जास्तच जपावं. आरोपी सापडत नाही म्हणून केस एलपीसीत, म्हणजे लांब रखडलेल्या केसेसच्या यादीत पडते, वॉरंट निघालेलं असतं. असा माणूस व्हेरिफिकेशनच्या निमित्तानं आपल्या पायानं स्टेशनात गेला तर तिथूनच कोर्टात जातो. आधी वकील धरून वॉरंट रद्द करून घ्यायचं.

हे सगळं घरबसल्या तपासता येतं. ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा आणि कोर्ट निवडायचं, पक्षकाराच्या नावानं, साल बदलत बदलत शोधायचं. चालू आणि निकाली दोन्ही बघायच्या, आणि नाव दोन-तीन स्पेलिंगांनी टाकायचं. केस सापडली की 16 अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख नंबर टिपून ठेवा. निर्दोष सुटला असाल तर निकालाची नक्कल काढा. चार्जशीटच झाली नसेल तर स्टेशननं कोर्टाला काय दिलंय ते बघा: बी रिपोर्ट म्हणजे तक्रार खोटी, सी रिपोर्ट म्हणजे तपास लागला नाही. कोर्टात निकाल लागला तरी स्टेशनच्या रजिस्टरला 'पेंडिंग' तसंच राहिलेलं असतं, हा घोळ नेहमीचा. नक्कल दाखवून ती नोंद दुरुस्त करून घेतल्याशिवाय अर्ज टाकू नका.

अर्जानंतर बीट पोलिसाचा फोन येतो, तेव्हा अनोळखी नंबर म्हणून कट करू नका. तो घरी येतो किंवा स्टेशनला बोलावतो, मूळ कागद बघतो, शेजारच्यांना विचारतो. घरमालकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो घाबरून "मला काही माहीत नाही" म्हणतो. अर्जात केसविषयी विचारलं असेल तर खरं लिहा. सुटलेली केस लिहिली तर चालतं, लपवलेली सापडली तर खोटी माहिती म्हणून अर्ज जातो.

पाटील, कदम, चौगुले अशा गावोगाव सापडणाऱ्या आडनावांच्या माणसांचं डोकं खाणारा प्रकार शेवटी. एजन्सी दुसऱ्याच माणसाची केस तुमच्या नावावर दाखवते. अशा वेळी ॲपच्या सपोर्टला नुसतं "ती केस माझी नाही" लिहून काही होत नाही. केस नंबर मागा, एफआयआरमधलं आरोपीचं वय, वडिलांचं नाव आणि गाव काढा, आणि आपल्या आधारसोबत जोडून पाठवा. पोलिसांचा दाखला आला असेल तर त्याचा मोबाईलवर काढलेला फोटो न पाठवता पोर्टलवरून उतरवलेली मूळ पीडीएफच जोडा.