ध्रुवीय समुद्राचं खोल पाणी आणि आपल्या धुऱ्यावरची विहीर

खारपाणपट्ट्यातल्या माणसाला पाण्याची पारख शिकवावी लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात एका विहिरीचं पाणी गोडं आणि दोन वावरं पलीकडच्या बोअरचं खारं, हे जिभेला लगेच कळतं. पाणी जड असलं की तुरीची डाळ चुलीवर कितीही वेळ ठेवा, दाणा शिजत नाही. पण ही दोन पाणी खाली कुठे एकमेकांत मिसळतात का, हे जिभेला सांगता येत नाही. त्यासाठी दोन्हीकडचं पाणी बाटलीत भरून मोजावं लागतं.

अंटार्क्टिका आणि आर्क्टिकच्या तीन-चार हजार मीटर खोल पाण्याबद्दलही हाच प्रश्न असतो. तिथला प्रवाह बहुतेक ठिकाणी फार मंद आणि वर्षाचा बराच काळ वरती बर्फ. म्हणून पाण्यालाच विचारायचं: तू शेवटचं हवेला कधी लागलं होतंस, आणि कुठे?

पाणी बुडतं कसं, ते आधी. समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांच्या आसपास गोठतं. गोठताना मीठ बर्फात फारसं राहत नाही, खालच्या पाण्यात उतरतं. ते थंड, खारट आणि म्हणून जड झालेलं पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ मंचावरून उतारानं तळाला जातं. अंटार्क्टिकाभोवती हे वेडेल समुद्रात, रॉस समुद्रात, अदेली किनाऱ्याजवळ आणि केप डार्नलीजवळ होतं. केप डार्नलीचा उगम २०१३ साली पक्का झाला. त्यात तळाशी बांधून ठेवलेल्या उपकरणांइतकाच सीलच्या डोक्यावर चिकटवलेल्या संवेदकांचा वाटा होता. भारताचं भारती केंद्र ज्या प्रीझ उपसागराच्या काठी आहे, त्याच्या पश्चिमेलाच ही जागा येते.

आता पाणी ओळखायच्या खुणा. मीठ आणि ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड प्रकार) या टिकणाऱ्या खुणा. पाणी एकदा पृष्ठभाग सोडून खाली गेलं की त्या फक्त मिसळण्यानं बदलतात. ऑक्सिजन-१८ चा उपयोग असा: हिमनदीचा बर्फ हा मुळात बर्फवृष्टीचा, त्यात हे जड ऑक्सिजन फारच कमी असतं. समुद्राचं पाणी गोठून झालेल्या बर्फात मात्र ते जवळपास समुद्राइतकंच राहतं. दोन्ही वितळले की खारटपणा कमी होतो, पण ऑक्सिजन-१८ एकाच बाबतीत ठळकपणे घसरतं. म्हणून खारटपणा एकटा मोजून भागत नाही, जोडी लागते. हिमनदीच्या वितळपाण्याची आणखी एक खूण म्हणजे हेलियम. बर्फात कोंडलेले हवेचे बुडबुडे खोलवर दाबाखाली पूर्ण विरघळतात. त्यामुळे हवेशी समतोल असलेल्या पाण्यात जितकं हेलियम मावलं असतं, त्याहून बरंच जास्त सापडतं.

सिलिकेट, म्हणजे पाण्यात विरघळलेली सिलिका, ही माझ्या मते सगळ्यात बोलकी खूण. वेडेलच्या खोल पाण्यात दर किलोला १०० मायक्रोमोलच्या वर सिलिकेट, तर आर्क्टिकच्या खोल पाण्यात १० ते १५. दक्षिणेचं खोल पाणी जुनं आहे, वरून पडणारी डायटम या सूक्ष्म शेवाळाची सिलिकाची कवचं त्यात विरघळत आली आहेत. आर्क्टिकचं खोल पाणी मुख्यतः अटलांटिककडून आलेलं, तिथं सिलिकेट कमी. वेडेलमध्ये अगदी तळाशी सिलिकेट पुन्हा थोडं उतरलेलं आणि ऑक्सिजन चढलेला दिसला, की मंचावरून नुकतं उतरलेलं पाणी तिथवर पोहोचलं असं समजायचं.

ऑक्सिजन आणि नायट्रेट वाटेत बदलतात, पण हिशेबानं. सेंद्रिय गाळ कुजतो तेव्हा एक भाग नायट्रेट वाढताना साधारण नऊ भाग ऑक्सिजन खर्च होतो. समुद्रशास्त्रज्ञ ब्रोकर यांनी १९७४ साली यावरून सोपी युक्ती मांडली: नायट्रेटला नऊनं गुणा आणि ऑक्सिजन मिळवा. समजा बुडताना ऑक्सिजन ३०० आणि नायट्रेट १२ होतं, बेरीज ४०८. पुढे वाटेत ऑक्सिजन २८२ आणि नायट्रेट १४ झालं, तरी १२६ अधिक २८२ म्हणजे ४०८ च. आकडे उदाहरणाचे आहेत, रीत खरी आहे. बेरीज सरकली तर दुसरं पाणी मिसळलं असं धरायचं. अपवाद एक: जिथे जिवाणू नायट्रेटच खाऊन टाकतात, तिथे हा हिशेब चुकतो. बेरिंग समुद्राच्या उथळ भागात तसं होतं. पॅसिफिककडून आर्क्टिकमध्ये शिरणारं पाणी ओळखायला नेमकी हीच तूट कामी येते.

पाण्याचं वय, म्हणजे ते शेवटचं हवेला लागून किती वर्षं झाली ते, काढायला माणसानं हवेत सोडलेले वायू आहेत. फ्रिजमधला सीएफसी-१२ हा वायू विसाव्या शतकात हवेत वाढत गेला आणि या शतकाच्या सुरुवातीपासून हळूहळू घटतोय. पाण्याचं तापमान आणि खारटपणा धरून, मोजलेली मात्रा हवेच्या कोणत्या वर्षाशी जुळते ते पाहायचं. घट सुरू झाल्यामुळे एकाच मात्रेला दोन वर्षं जुळू शकतात, म्हणून सोबत सल्फर हेक्झाफ्लोराइड हा दुसरा वायू मोजतात, तो अजून वाढतोच आहे. ग्रीनलंड समुद्रात मात्र सांभाळून: १९९६ साली मिसळण्याचा वेग मोजायला तिथं सुमारे ३२० किलो सल्फर हेक्झाफ्लोराइड मुद्दाम सोडला होता. दुसरी अडचण बर्फाची. बर्फाखालून बुडणारं पाणी हवेशी पुरतं समतोल होतच नाही, म्हणून वय खऱ्यापेक्षा जास्त निघतं. आर्क्टिकमध्ये आयोडीन-१२९ या किरणोत्सारी आयोडीनचीही मदत होते. सेलाफिल्ड आणि ला हाग इथल्या अणुइंधन प्रक्रिया केंद्रांतून ते समुद्रात आलं आणि नॉर्वेच्या किनाऱ्यानं वर गेलं. आर्क्टिकमधल्या कॅनडा बेसिन या खोल खोऱ्याच्या तळाला मात्र या खुणा पुरत नाहीत. तिथलं पाणी कार्बन-१४ नुसार साधारण साडेचारशे-पाचशे वर्षं हवेपासून तुटलेलं आहे.

हे सगळं वाचायला सोपं, पण खरी कसोटी बाटली भरताना लागते. जहाजावरून २४ किंवा ३६ निस्किन बाटल्यांची (हव्या त्या खोलीवर दोन्ही टोकं बंद करता येणाऱ्या नळकांड्यांची) चौकट खाली जाते आणि वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद करतात. बंद करण्याआधी अर्धा मिनिट थांबावं, नाहीतर चौकटीसोबत ओढलं गेलेलं खालचंच पाणी बाटलीत भरतं. वर आल्यावर वरचा हवेचा स्क्रू न उघडता तोटी दाबून पाहा. पाणी वाहिलं तर बाटली कुठेतरी गळते आहे.

काढायचा क्रमही ठरलेला: आधी सीएफसी आणि हेलियम, मग ऑक्सिजन, मग कार्बन, मग पोषकद्रव्यं, सगळ्यात शेवटी मीठ. ऑक्सिजनसाठी रबरी नळी काचेच्या कुपीच्या तळाला टेकवायची, कुपीच्या तिप्पट पाणी वरून वाहू द्यायचं. एक बुडबुडाही नको. मँगनीज क्लोराइड आणि क्षारीय आयोडाइड प्रत्येकी १ मिली नळी आत बुडवून सोडायचं, बूच लावून जोरात हलवायचं, वीसेक मिनिटांनी पुन्हा हलवायचं. तळाशी बसणारा साका गडद तपकिरी दिसला तर ऑक्सिजन भरपूर, फिकट पांढरट दिसला तर कमी. पाणी काढतानाचं तापमान लिहायला विसरलात तर घनता चुकते आणि पुढचा आकडा वाया जातो.

ध्रुवावर बिघाड बहुतेक थंडीमुळे होतात. चौकट पाण्याबाहेर येताच तोटी गोठते. बाटलीत बर्फाचे बारीक कण झाले तर उरलेलं पाणी खारट होतं आणि मोजमाप फसतं. आर्क्टिकच्या खोल पाण्यातले खारटपणाचे फरक हजारांश एककांचे असतात, तिथं हे परवडत नाही. म्हणून चौकट लगेच गरम खोलीत घेतात. सिलिकेटचा नमुना काचेच्या बाटलीत ठेवू नये, काच स्वतःच सिलिका सोडते. गोठवला तर सिलिका साखळ्या करून बसते आणि आकडा कमी येतो. वितळवल्यावर पुरेसा वेळ द्यावा लागतो. सीएफसीचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे जहाजावरच्या एसीची गळती आणि बाटलीतल्या जुन्या रबरी कड्या.

आपल्या गावात हीच रीत जशीच्या तशी लागू होते. बोअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, पाइपात साचलेलं पाणी जाऊ द्या. प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा. मे महिन्याच्या उन्हात ढिल्या बुचातून पाणी उडून जातं आणि आकडा फुकटचा चढतो. क्लोराइड आणि सिलिका दोन्ही मोजून आलेखावर टाका. खारी बोअर एका टोकाला, गोडी विहीर दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या विहिरी सरळ रेषेवर आल्या तर दोन्ही पाणी मिसळत आहेत असं धरता येतं. सोडियमवर विसंबू नका. काळ्या चिकणमातीत कॅल्शियम आणि सोडियमची अदलाबदल चालू असते, त्यामुळे सोडियम खूण म्हणून टिकत नाही. क्लोराइड टिकतं. सिलिका बसाल्टातून येते, म्हणून एखादी विहीर रेषेच्या वर गेली तर ते पाणी खडकात जास्त काळ राहिलं असण्याची शक्यता आधी तपासा.

आणि वहीत शंकेचा आकडा खोडू नका. समुद्रमोहिमांत प्रत्येक आकड्यापुढे एक क्रमांक असतो: २ म्हणजे चांगला, ३ म्हणजे शंकास्पद, ४ म्हणजे चुकीचा, ९ म्हणजे नमुना घेतलाच नाही. गळक्या बाटलीचा आकडाही ४ लावून तसाच ठेवतात, म्हणजे पुढच्या माणसाला त्याच बाटलीचे बाकीचे आकडेही तपासता येतात.