आईचे चौदा वेळचे पान

जेवताना आई पानावरून किती वेळा उठते हे मोजावे, असे मला सुचले ते माहितीची चित्रे रेखाटणाऱ्या जॉर्जिया लुपी आणि स्टेफनी पोसावेक यांच्या पोस्टकार्डांवरून. एक न्यूयॉर्कला, दुसरी लंडनला राहणाऱ्या या दोघींनी २०१४ साली सुरुवात करून ५२ आठवडे, दर आठवड्याला रोजच्या वागण्यातली एकच गोष्ट मोजली (घड्याळ किती वेळा पाहिले, तक्रारी किती केल्या), ती हाताने रेखाटली आणि पाठीमागे खुणांचा अर्थ लिहून एकमेकींना पाठवली. ती पोस्टकार्डे आता न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत.

आईचा होकार घेऊन मी सात दिवसांची चौदा जेवणे नोंदवली: ती केव्हा उठली, कोणासाठी, आणि परत पानावर यायला किती वेळ लागला. आधी एक्सेलमध्ये स्तंभालेख केला. त्यात सोमवार रात्रीचा स्तंभ सर्वांत उंच होता; पण त्या रात्री सहा वेळा उठून झाल्यावर तिने गार झालेली आमटी तशीच भातावर घेतली, हे त्या उंचीवरून मुळीच कळत नव्हते.

मग १४ बाय ९ सेंटिमीटरचे आपले साधे पोस्टकार्ड घेतले आणि त्यावर सात-सात वर्तुळांच्या दोन ओळी काढल्या. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एका जेवणाचे ताट आणि त्यातून बाहेर जाणारी प्रत्येक रेघ म्हणजे एकदा उठणे. एका मिनिटाला दोन मिलिमीटर. बाबांसाठी निळी, भावासाठी हिरवी, माझ्यासाठी तांबडी, तिच्या स्वतःसाठी काळी. काळी रेघ आठवड्यात एकदाच ओढावी लागली, तीही ठसका लागून ती पाणी घ्यायला उठली तेव्हाची.

गुरुवारी भावाच्या लक्षात आले की मी मोजते आहे, आणि तो आपले ताक आपण घेऊ लागला. ते दिवस गाळावेत असे आधी वाटले, पण पाहिले जात असल्यामुळे माणूस बदलतो, हीसुद्धा नोंदच आहे. म्हणून गुरुवारपासूनची वर्तुळे तुटक काढली. तांबड्या रेघा मात्र कमी झाल्या नव्हत्या, कारण मी पेन्सिल धरून बसून राहिले होते.

आईने कार्ड डोळ्यांजवळ धरून शांतपणे पाहिले. “बुधवारी रात्री दूध उतू चाललं म्हणून उठले होते, ते कुठाय?” ते कोणासाठी, हे ठरत नव्हते म्हणून मी सोडून दिले होते. बुधवारच्या ताटातून मी एक तपकिरी रेघ काढली आणि मागच्या सूचीत तिच्यापुढे ‘घरासाठी’ असे लिहिले.