रेकॉर्डिंगमधला ‘टक्’ आवाज: आधी वेव्हफॉर्म, मग खरेदी

नेरूळच्या एका जुन्या सिडको इमारतीतल्या बेडरूममध्ये मी मराठी निवेदनं रेकॉर्ड करतो. कंडेन्सर माइक (विजेवर चालणारा, नाजूक), माइकचा आवाज लॅपटॉपला डिजिटल करून देणारा दोन चॅनेलचा यूएसबी इंटरफेस, विंडोज लॅपटॉप. रेकॉर्डिंग रीपर या सॉफ्टवेअरमध्ये एएसआयओ या ऑडिओ ड्रायव्हरवर, साफसफाई ऑडॅसिटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. मधूनमधून ‘टक्’ यायला लागलं की लोक आधी केबल बदलतात, मग इंटरफेस. मी आधी फाइलचा वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटेचं चित्र, झूम करून बघितला. निम्मं निदान तिथेच होतं.

तीच फाइल दोनदा ऐकायची. क्लिक दर वेळी वेगळ्या जागी आला तर दोष फक्त प्लेबॅकचा, फाइल स्वच्छ आहे. त्याच जागी आला तर तो फाइलमध्ये आहे. मग सुटे सॅम्पल, म्हणजे आवाजाची सेकंदाला हजारो वेळा घेतलेली मोजमापं, ठिपके म्हणून दिसेपर्यंत झूम करायचं. लाट एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर सरळ उडी मारते आणि पुढे जणू काही झालंच नाही अशी चालू राहते, तर मधले सॅम्पल गळाले आहेत; म्हणजे गडबड संगणकात. लाटेवर सुळका उठलाय आणि त्यामागे काही मिलिसेकंद विरत जाणारी थरथर आहे, तर गडबड माइक, वायर किंवा विजेच्या बाजूची. माझ्याकडे दोन्ही सापडले.

बोलण्यात गळती शोधणं किचकट, म्हणून १००० हर्ट्झचा शुद्ध टोन घेतला. फोन एअरप्लेन मोडवर टाकून तो टोन केबलने इंटरफेसच्या लाइन इनमध्ये दिला, दहा मिनिटं रेकॉर्ड केला आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या फ्रीक्वेन्सी आहेत ते दाखवणारं चित्र, उघडला. टोनची एकच आडवी रेघ दिसायला हवी. जिथे सॅम्पल गळतो तिथे वरपासून खालपर्यंत बारीक उभी रेघ उमटते. कान चुकतील, ही रेघ सहसा चुकत नाही.

रेघा दिसल्यावर लॅटन्सीमॉन चालवलं; कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून ठेवतो ते हे सॉफ्टवेअर दाखवतं. ड्रायव्हर्सच्या पानावर सर्वाधिक एक्झिक्युशन वेळेनुसार, म्हणजे ड्रायव्हरने एका वेळी प्रोसेसर किती वेळ अडवला त्यानुसार, यादी लावली. वायफायचा ड्रायव्हर सगळ्यात वर होता आणि १ मिलिसेकंदाच्या बराच पुढे. सॅम्पल एका वेळी ज्या छोट्या साठ्यात गोळा होतात तो बफर; ४८००० हर्ट्झला (सेकंदाला ४८००० सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.६७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रोसेसर दुसरीकडे अडकला की बफर भरायचा राहतो, आणि तोच क्लिक. रेकॉर्डिंगच्या वेळी डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय डिसेबल केलं. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, मिनिमम प्रोसेसर स्टेट १०० टक्के. प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूणही काढली. इंटरफेस बाहेरच्या यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावला. प्रोजेक्टचं फोल्डर क्लाउडशी सिंक होत असेल तर तेही बाहेर हलवा.

बफर शक्य तितका लहान ठेवायचा लोकांचा हट्ट मात्र मला कळत नाही. निवेदनाला ६४ सॅम्पल कशाला? स्वतःचा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरमधून, म्हणजे संगणकात न जाता थेट, ऐकला की लॅटन्सीचा, म्हणजे आवाज उशिरा ऐकू येण्याचा, प्रश्नच उरत नाही. मी १०२४ ठेवतो, म्हणजे २१.३ मिलिसेकंद. एवढं केल्यावर टोनची रेघ अखंड आली.

क्लिक घड्याळासारखा ठरावीक अंतराने येत असेल तर कारण वेगळं: दोन उपकरणांची क्लॉक, म्हणजे सॅम्पल घेण्याचा ताल ठरवणारी आतली घड्याळं, जुळत नाहीत. दोन क्लॉकमध्ये दहा लाखांत ५० चा फरक असला तरी ४८००० हर्ट्झला दर सेकंदाला २.४ सॅम्पल सरकतात. डिजिटल केबलने जोडलेल्या दोन उपकरणांपैकी एकच मास्टर (ताल देणारं) ठेवायचं. विंडोज आणि प्रोजेक्ट, दोन्हीकडे सॅम्पल रेटही एकच ठेवावा.

आता सुळके. इथे पावसाळा आणि खाडी दोन्ही आडवे येतात. कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलमध्ये पडदा आणि मागची प्लेट यांच्यातली फट अगदी बारीक, आणि त्यावर विजेचा भार. ओल धरली की भार मधेच निसटतो आणि तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. खात्री करायला गेन (आवाज वाढवण्याची पातळी) कमी करून कंडेन्सरला इंटरफेसकडून मिळणारे ४८ व्होल्ट बंद केले, अर्धा मिनिट थांबून त्याच केबलवर डायनॅमिक माइक (ज्याला ही वीज लागत नाही) लावला. तडतड गेली, म्हणजे केबल बहुधा निर्दोष. कंडेन्सर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत दोन दिवस ठेवला की ताळ्यावर येतो. हेअर ड्रायर चुकूनही नको, उष्णतेने पडदा बिघडू शकतो. जूनपासून माइक स्टँडवर उघडा ठेवतच नाही. तोंडाची वाफ अडवायला पॉप फिल्टर (माइकसमोरची जाळी) हवाच. खारट हवेने एक्सएलआरच्या (माइकच्या केबलच्या तीन पिनांच्या जोडाच्या) पिनाही काळवंडतात. सगळं बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या, मग रेकॉर्डिंग चालू ठेवून केबल टोकाशी हलवून बघायची.

फ्रिज किंवा सोसायटीचा पंप चालू होताना येणारा एकटाच सुळका विजेचा. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केल्यावर तो गेला तर अर्थिंग तपासून घ्या. वायरमनकडून मल्टिमीटरने मोजून घ्यायचं: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ, दोन्हीकडे साधारण २३० व्होल्ट हवेत. फेज-अर्थ खूप कमी आला तर तीन पिनांचं सॉकेट नुसतं दिखाऊ आहे.

आधीच रेकॉर्ड झालेल्या क्लिकसाठी ऑडॅसिटीचा रिपेअर इफेक्ट वापरतो, तो निवडलेला तुकडा आजूबाजूच्या लाटेवरून भरतो. एका वेळी जास्तीत जास्त १२८ सॅम्पल. ऑडॅसिटीचाच क्लिक रिमूव्हल इफेक्ट अख्ख्या फाइलवर फिरवू नका. थ्रेशोल्ड (क्लिक ओळखण्याची मर्यादा) मूळच्या २०० वरून खाली आणला की ‘ट’, ‘क’, ‘प’ यांची धारही क्लिक समजून घासली जाते. गळालेले सॅम्पल परत येत नाहीत. तिथे श्वासाच्या जागेवर कापून ते वाक्य पुन्हा वाचायचं.