‘कोन्टाक्टे’ची तालीम

जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांच्या ‘कोन्टाक्टे’ या रचनेत मंचावर दोनच वादक असतात, एक पियानोवर आणि दुसरा तालवाद्यांवर. त्यांचा तिसरा साथीदार म्हणजे १९५८ ते १९६० या काळात कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत घडवलेला चार ट्रॅकचा ध्वनिमुद्रित भाग, जो श्रोत्यांच्या चहूबाजूंच्या स्पीकरांतून ऐकवला जातो. जर्मनीतल्या एका मैफलीत हे ऐकवण्याचे, म्हणजे सभागृहाच्या मधोमध मिक्सरवर बसून जवळपास पस्तीस मिनिटे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या कळा, सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. या रचनेला वादकांना इशारे देणारा संचालक (कंडक्टर) नसतो आणि मुद्रित भाग कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे वादकांना त्याच्यावर कान ठेवूनच वाजवावे लागते.

सकाळच्या तालमीत जिथे आवाज आमच्याभोवती गोल फिरायला हवा होता, तिथे तो मध्येच डोक्यावरून आडवी उडी मारू लागला. श्टॉकहाउझेन यांनी फिरत्या टेबलावर ठेवलेला स्पीकर हाताने फिरवत, भोवतीच्या चार मायक्रोफोनांनी हे भ्रमण मुद्रित केले होते. क्रम बिघडला की त्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. सभागृहाच्या तंत्रज्ञांनी प्रत्येक स्पीकर तपासला होता आणि प्रत्येक वाजतही होता, म्हणून संशय आधी फाइलवर गेला. शेवटी एकेक ट्रॅक सुटा लावला, तेव्हा उजवीकडचा आवाज पाठीमागून आला. अँप्लिफायरच्या मागे दोन केबलींची अदलाबदल झाली होती.

एवढे निस्तरल्यावर सतराव्या मिनिटानंतरच्या जागेला निवांत वेळ देता आला. तिथे एक स्वर कित्येक सप्तके खाली घसरत जातो आणि अखेर त्याचे सुटे ठोके होतात. कारण सेकंदाला साधारण वीसहून अधिक वेगाने पडणारे ठोकेच आपल्या कानाला स्वर म्हणून ऐकू येतात. लहानपणी तबला शिकल्यामुळे असेल, पण लय आणि स्वर यांची ही सरहद्द मला त्या रचनेतल्या साऱ्या ध्वनिचमत्कारांहून मोलाची वाटते. स्वर खर्जात गेला की आवाज वाढवण्याचा मोह होतो. तालवादकाने मात्र तसे न करण्याची विनंती केली, कारण ठोके मोठे झाले की त्याला स्वतःचे हलके आघात ऐकू येत नव्हते. ते मला पटले. संध्याकाळी त्या जागी मी फेडरला हात लावला नाही, आणि मागचा स्पीकर तेवढा सुरुवातीपासूनच किंचित कमी ठेवला.