अल्बर्टा: मोरेन लेकला जायच्या आधी हे वाचा

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, बॅन्फ नॅशनल पार्कमधल्या मोरेन लेकला जायचं तर पहाटे चारला गाडी काढा, पार्किंग मिळतं, असं आम्हाला कॅल्गरीतल्या ओळखीच्यांनी अगदी ठामपणे सांगितलं होतं. ते साफ चुकीचं आहे. 2023 पासून तो रस्ता खासगी गाड्यांना बंद आहे, पहाटे काय आणि रात्री काय, आणि रेंटलची गाडीही खासगीच धरतात. कॅनमोर गावावरून अंधारात तासभर गाडी हाणून पोचलो तर तोंडावरच अडवलं, गाडी वळवा म्हणाले, बास. मग फोनवर टूर कंपन्यांच्या शटल (त्यांना परवानगी असते) शोधायला लागलो तर एकाने माणशी शंभर कॅनेडियन डॉलरच्या वर सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी जॅस्परला निघायचं असल्याने आम्ही चौघांनी ते दिलेही. ही सरळ सरळ लूट आहे, कारण त्याच रस्त्याने पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेची बस जाते आणि तिचं तिकीट तेव्हा 8 डॉलर अधिक थोडी बुकिंग फी, एवढंच होतं.

तर नीट ऐका. या बसच्या काही सीट एप्रिलमध्ये सुटतात, त्या लगेच उडतात. पण उरलेल्या, आणि त्याच जास्त असतात, प्रवासाच्या दोन दिवस आधी तिकडच्या सकाळी 8 ला उघडतात, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. भारतातून बुक करणार असाल तर आधी अकाउंट काढून ठेवा, लॉगिन करून बसा आणि साडेसातच्या ठोक्याला क्लिक करा. बस लेक लुईस या शेजारच्या तलावाजवळच्या स्की रिसॉर्टच्या पार्किंगमधून सुटते, गाडी तिथेच ठेवायची. त्याच तिकिटावर दोन्ही तलावांमधली कनेक्टर बस मिळते, त्यामुळे लेक लुईसला काठावरच्या पार्किंगचे पैसे घालवू नका. परतीला मात्र रांग असते, शेवटच्या बसवर विसंबू नका. आणि हा रस्ता साधारण जून ते ऑक्टोबर मध्यापर्यंतच उघडा असतो, मे महिन्याची सुट्टी धरून कोणी येत असेल तर विसरा.

एवढ्या लांब जाऊन काठावर फोटो काढून परतू नका, सेंटिनेल पास ही खिंड चढा. 2611 मीटर, लार्च व्हॅलीतून. शेवटचा टप्पा नागमोडी आणि दगडगोट्यांचा, सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर चाललेल्यांना जमेल, फक्त जुलैच्या सुरुवातीला बर्फ असू शकतो. वर पोचल्यावर टेन पीक्स म्हणजे तलावामागच्या दहा शिखरांची रांग समोर दिसते आणि खरं सांगतो, सकाळचे सगळे पैसे तिथे विसरलो. अस्वलांमुळे या भागात बऱ्याचदा चौघांचा गट सक्तीचा असतो, पाटी वाचा. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) विमानात नेता येत नाही, तिथेच घ्या आणि पट्ट्याला लावा, सॅकमध्ये ठेवून उपयोग नाही.

लेक लुईस ते जॅस्पर हा 230 किलोमीटरचा आइसफील्ड्स पार्कवे. मध्ये पेट्रोल फक्त सस्कॅचेवान रिव्हर क्रॉसिंगला, तेही महाग आणि हिवाळ्यात बंद, म्हणून टाकी फुल करूनच निघा. नेटवर्क जवळपास नाहीच, मॅप डाउनलोड करून ठेवा. जॅस्पर जुलै 2024 च्या वणव्यात सुमारे एक तृतीयांश जळालं, आजूबाजूचे डोंगर काळे पडलेत, पण गाव चालू आहे आणि तिथे खर्च केलेला पैसा त्यांच्या कामी येतो, जरूर राहा.

बाकी प्रांत सपाट. एडमंटन राजधानी, कॅल्गरी मोठं शहर, मध्ये 300 किलोमीटर हायवे 2, दोन्हीकडे गहू, कॅनोला या मोहरीसारख्या तेलबियांची पिवळी शेतं आणि मधूनच तेल उपसणारे पंप. 1947 ला एडमंटनजवळच्या लेड्यूकला तेल लागलं तेव्हापासून या प्रांताचं नशीब त्यावरच, कॅल्गरीतले टॉवर त्याच पैशाचे. एडमंटनचा मॉल सोडला तरी चालेल, ड्रमहेलरचं डायनोसॉर म्युझियम सोडू नका.

अल्बर्टात सेल्स टॅक्स नाही हेही अर्धवट ऐकून आलो होतो. प्रांताचा नाही, पण केंद्राचा 5% जीएसटी आहेच, हॉटेलवर प्रांताची टुरिझम लेव्ही (पर्यटन कर) वेगळी, आणि बॅन्फकडे काही हॉटेलं त्यावर स्वतःची फी लावतात. आमच्या बिलात ती होती, बुकिंग करताना दिसली नव्हती. रूम घेण्याआधी सगळं धरून शेवटचा आकडा किती, ते ईमेलवर लिहून मागा.